रोज पुसली जाणारी चाल

बाईंच्या घरात गुणगुणायला बंदी होती.

वरची खोली भाड्याने बघायला मी गेले तेव्हा त्यांनी तीन अटी घातल्या. नळ टपकत ठेवायचा नाही. जिन्यात चपला सोडायच्या नाहीत. तोंडातल्या तोंडात गायचं नाही. पहिल्या दोन पाटीवर खडूने लिहिलेल्या होत्या. तिसरी त्यांनी बोलून सांगितली, आणि तेव्हा मला कळलं की बाईंना आवाजच नाही. शब्द सगळे येत होते, पण नुसत्या श्वासाचे, दिव्यावर फुंकर मारावी तसे.

"गायचं असेल तर गळा उघडून गा. गुणगुणणं म्हणजे ताटात उष्टं टाकून उठणं."

मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. मी तिन्ही अटी मान्य केल्या.

मी बालाघाटची. जबलपुरात ओमतीजवळच्या एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली होती, आणि बाईंचं घर तिथून पायी दहा मिनिटांवर. त्या मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. जवळचा म्हणावा असा एक पुतण्या, तो मझौलीला शेती करायचा. निवृत्तीच्याच वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्यासोबत आवाजही गेला.

"डॉक्टर म्हणाले, बाई, जीव वाचला," त्या सांगायच्या. "मी पाटीवर लिहून विचारलं, कोणाचा?"

हाक मारता येत नाही म्हणून त्यांनी देवघरातली घंटा स्वैपाकघराच्या खिडकीत टांगली होती. एक टोला म्हणजे खाली ये. दोन म्हणजे चहा झालाय. तीन म्हणजे काहीतरी बिनसलंय. समोरच्या घरातल्या भाभीजींना वाटायचं, दिवसातून दहा वेळा पूजा होते. "दीदी बड़ी भक्त हैं," त्या मला आदराने सांगायच्या. बाई देवळात पाऊलही ठेवत नसत. देवघरात त्यांनी घंटा काढल्यावर रिकाम्या जागी औषधांच्या बाटल्या लावल्या होत्या.

त्यांच्या स्वैपाकघरात कांद्याची एक टोपली होती. कागद भिजवून, कुटून, त्यात मेथी घालून आमच्याकडच्या बायका टोपल्या करायच्या तशी. पण रंग विचित्र, निळसर करडा. हा रंग कसला, असं मी एकदा विचारलं.

"शाईचा," बाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "माझ्या चालींच्या वह्या आहेत त्या."

ती हकीकत त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. बाई चाली बांधायच्या. शाळेच्या गॅदरिंगला मुख्याध्यापिकेला सिनेमाची गाणी हवी असायची, त्यामुळे त्यांच्या चाली वहीतच राहायच्या. रविवारी घरी शिकायला येणारा एक विद्यार्थी होता, गळ्याचा चांगला, वागायला नम्र. त्याने उतरवून घ्यायला वह्या मागितल्या. आठ दिवसांनी परत आणल्या तेव्हा प्रत्येक वहीला तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं होतं. दोन वर्षांनी त्याची भजनांची कॅसेट निघाली. आठ भजनं, सहांच्या चाली बाईंच्या, आणि कॅसेटवर संगीतकार म्हणून त्याचं नाव. बाई जाब विचारायला गेल्या. तो पाया पडला आणि म्हणाला, "बाई, तुमची चाल वहीत पडून मरत होती. मी तिला जगवलं."

त्या घरी आल्या आणि सगळ्या वह्या बादलीत बुडवल्या. पुढे कधी सूर कागदावर उतरवला नाही.

नवरात्रात दुर्गा बसल्या की बडा फुहाऱ्याच्या बाजारापासून आमच्या गल्लीपर्यंत चौकाचौकांत ती कॅसेट वाजायची. बाई कानात कापूस घालून मागच्या खोलीत बसायच्या. मला वाटलं, दुःख सहन होत नसेल.

"दुःखाचं काय," त्या म्हणाल्या, "तो निषाद चुकीचा लावून राहिला आहे. वीस वर्षं झाली, अजून चुकीचाच लावतो. वहीत स्वर कुठं उभा आहे तेवढं लिहिता येतं. तिथपर्यंत कसा चालत गेला, ते लिहिता येत नाही. त्याने नुसतं प्रेत उचलून नेलं."

मला तिथे राहायला येऊन सहा-सात महिने झाले असतील. एक दिवस दुपारी दोन टोले पडले. खाली गेले तर चहाचे कप तयार, आणि बाई खुर्चीत ताठ बसलेल्या.

"तुझ्या त्या मशीनमध्ये मींड येते का?"

मींड म्हणजे काय, तेच मला माहीत नव्हतं. त्यांनी टेबलावर बोट ठेवलं आणि न उचलता दुसरीकडे ओढत नेलं. "असं. एका सुरावरून दुसऱ्यावर, मध्ये न तुटता. पेटीला येत नाही, ती उड्या मारते. गळ्याला येते. गळा माझा गेला."

मग त्यांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी चार दिवस त्या हॉस्पिटलात पडून होत्या. त्या चार दिवसांत त्यांनी एक चाल बांधली, सात मात्रांची, शब्दांशिवाय. वॉर्डात इतर आजारी माणसं होती म्हणून मनातल्या मनात. घरी जाऊन मोकळ्या गळ्याने गाईन, असं ठरवलं होतं.

"ती कोणीच ऐकलेली नाही. मी पण नाही. फक्त डोक्यात आहे." त्या पुढे म्हणाल्या, "आणि डोकं आता भरवशाचं राहिलं नाही. परवा दूध घेऊन निघाले आणि गल्ली सापडेना. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. पुढं काय होते ते मी सगळं पाहिलेलं आहे."

हे सांगताना त्यांचा चेहरा शाळेतल्या वेळापत्रकाबद्दल बोलावं तसा होता.

आमच्या क्लासमधला एक जुना कम्प्युटर निकालात निघाला होता. तो मी रिक्षात घालून आणला आणि त्यांच्या मागच्या खोलीत मांडला. मासिकांबरोबर तेव्हा सीडी फुकट यायच्या, त्यांत सॉफ्टवेअरचे नमुने असायचे. संगीत रचायचे कितीतरी असायचे. आम्ही एकेक बसवून बघायला लागलो. बाई माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसायच्या, आणि प्रत्येकाला एकच परीक्षा: गंधारावरून मध्यमावर न तुटता जाऊन दाखव.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये ढोल-गिटारचे तयार तुकडे होते, ते एकापुढे एक लावायचे. "हा तयार मसाला आहे," बाई म्हणाल्या. "पुढचं लाव." दुसरं अगदी फुकट होतं, पण त्यात सूर आकड्यांच्या उभ्या रांगांत भरावे लागत. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "हे तर विजेचं बिल आहे." तिसऱ्यात विलायती पद्धतीची स्वरलिपी होती, आणि सात मात्रा द्यायला गेलं की ते बंद पडायचं. चौथं, पाचवं गंधारावरून मध्यमावर पेटीसारखीच उडी मारायचं. बाई प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायच्या, "नापास."

सहाव्यात ते सापडलं. पडद्याच्या डाव्या कडेला उभा पियानो, त्याच्यापुढे सुरांच्या आडव्या पट्ट्या. खाली एक रिकामी जागा होती, तिथे माउसने रेघ काढली की सूर त्या रेघेसारखा वळायचा. बाईंनी माझ्या हातातून माउस घेतला. गंधाराची पट्टी, मध्यमाची पट्टी, आणि खाली एक किंचित बाक असलेली रेघ. मग वाजवायचं बटण.

त्या छोट्या स्पीकरमधून बासरीसारखा, खरं तर पिपाणीसारखा एक सूर निघाला आणि हळूच वर सरकला. बाईंनी तो बावीस वेळा वाजवला. मी मोजलं.

"चलो," त्या म्हणाल्या. "पास."

पण तो नमुना होता. त्यात सगळं चालायचं, फक्त केलेलं काम साठवता येत नसे. सुरू करताना रोज एक चौकट यायची: या आवृत्तीत जतन करता येणार नाही. ओके म्हणायचं आणि पुढे जायचं. पुरं सॉफ्टवेअर घ्यायचं तर ते परदेशातून, डॉलरमध्ये, क्रेडिट कार्डावर. किंमत बाईंच्या पेन्शनच्या पलीकडची, आणि कार्ड आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

तेच पुरं सॉफ्टवेअर, कुलूप तोडलेलं, बडा फुहाऱ्याच्या एका गल्लीत पोहे-जलेबीच्या भावात मिळायचं. आमच्या क्लासमध्ये सगळंच तसलं होतं. मी ते सहज बोलले.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"चोरीच्या भांड्यात नैवेद्य नाही दाखवत."

त्यांनी त्या कंपनीला पत्र लिहिलं. शाळेतल्या वळणदार इंग्रजी अक्षरात, की मी निवृत्त शिक्षिका आहे, मला तुमची वस्तू हवी आहे, हप्त्याने द्याल का, मनिऑर्डर चालेल का. पोस्टात स्वतः जाऊन टाकलं. उत्तर आलं नाही.

"विचारलं आहे ना," त्या म्हणायच्या. "उत्तर येईस्तोवर थांबायचं."

थांबायचं म्हणजे रिकामं बसायचं नव्हतं. बाईंनी त्या नमुन्यावरच काम सुरू केलं. छत्तीसगढ वेगळं होऊन फार दिवस झाले नव्हते. वीज तिकडे गेली आणि अंधार आमच्या वाट्याला आला, असं जबलपुरात जो तो म्हणायचा. सकाळी तीन तास लाइट जायची, संध्याकाळी दोन तास, आणि मधूनमधून न सांगता. दुपारी मात्र एक सलग तुकडा मिळायचा. त्या तेवढ्यात बाई चाल पहिल्यापासून उभी करायच्या, एकेक पट्टी, एकेक रेघ. संध्याकाळी लाइट गेली की सगळं पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

मला ते बघवत नसे. "बाई, टेपरेकॉर्डर लावू ना स्पीकरसमोर. झालं तेवढं तरी राहील."

"पुरी झाली की लावू. अर्धी चाल मी कोणाच्या हाती देत नाही."

"पण रोज पुसून जाते."

"गळ्यातली पण रोज पुसूनच जात होती. सकाळी उठून पुन्हा लावायची. याला रियाज म्हणतात."

एकदा चाल चारातले तीन हिस्से उभी राहिली असताना, भर दुपारी लाइट गेली. कम्प्युटरला जोडलेली बॅटरी जुनी होती, तिने दोन मिनिटं शिट्टी मारली आणि संपली. मी क्लासमधून आले तेव्हा बाई काळ्या पडद्यासमोर माउसवर हात ठेवून बसल्या होत्या. कधीपासून, माहीत नाही. कुकरमधली डाळ जळून घरभर वास सुटला होता, आणि त्यांना तो आला नव्हता.

त्यानंतर घंटेचा हिशेब बिघडायला लागला. दोन टोले ऐकून चहाला जावं, तर बाई विचारायच्या, "तू काहून आली?" मीठ दोनदा पडायचं. पेन्शनच्या दिवशी बँकेत जाऊन येताना त्यांना एका पोलिसाने ओमतीच्या ठाण्यावर बसवून ठेवलं होतं. पत्ता सांगता येईना आणि आवाज नसल्यामुळे लोकांना वाटलं, मुकी बाई आहे. घरी आल्यावर कम्प्युटर लावला, पहिली ओळ उभी केली, आणि थांबल्या.

"पुढं कुठं जाते गं ही?"

मला विचारत होत्या. ज्या घरात फक्त त्यांनाच ती चाल माहीत होती, तिथे त्या मला विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बडा फुहाऱ्याला जाऊन ती सीडी आणली. बाई आंघोळीला गेल्या असताना बसवली. पडदा तोच, पट्ट्या त्याच. फक्त सुरू होताना ती चौकट येत नव्हती. म्हणून मी रोज सकाळची गेलेली लाइट परत आली की, क्लासला जाण्याआधी, स्वतः सॉफ्टवेअर सुरू करून ठेवायला लागले. संध्याकाळी लाइट जायच्या आत त्या उठल्या की कंट्रोल आणि एस ही दोन बटणं दाबायची, एवढंच माझं काम.

आठ-दहा दिवस त्यांची चाल कधी निम्मी व्हायची, कधी दोन ओळींत अडायची. मग एका रविवारी, मी घरीच होते, तीन टोले पडले. मी धावत खाली गेले. बाईंनी मला नुसतं स्टूल दाखवलं. आणि बटण दाबलं.

चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. चार मिनिटं असेल. ते वाद्य पिपाणीचंच होतं, स्पीकर फाटका होता, आणि मला गाण्यातलं काही कळत नाही. पण मला असं वाटलं की कोणीतरी एका अनोळखी घरात, दिवे नसताना, भिंतीला हात लावत लावत एकेक खोली ओलांडतंय, आणि कुठेच धडपडत नाही. संपल्यावर मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते, पण गळा हलत होता.

"बाई, टेप लावू?"

त्यांनी विचार केला. "उद्या. शेवटच्या षड्जावर जरा घाई झाली."

त्या उठल्यावर मी दोन बटणं दाबली, आणि एक प्रत फ्लॉपीवरही घेतली.

तो उद्या आला नाही. चाल पुन्हा कधी पुरी झाली नाही.

आणि मग एके दिवशी मी क्लासहून आले तेव्हा बाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. दुपारी लाइट जाऊन आली होती, त्यांनी सॉफ्टवेअर स्वतः सुरू केलं होतं.

"ती चौकट आली नाही आज," त्या म्हणाल्या.

"कोणती?"

"जतन होणार नाही म्हणून सांगणारी. रोज येत होती. काहून नाही आली?"

खोटं बोलायची वेळ होती, पण मला सुचलं नाही. "मी दुसरी सीडी टाकली. पुरी."

"कंपनीने पाठवली?"

"नाही. बडा फुहाऱ्याची."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"तुमची चाल जगावी म्हणून केलं, बाई. ती आहे. पुरी आहे. त्या रविवारची."

"तो पण हेच म्हणाला होता," बाई म्हणाल्या. "शब्द सुद्धा हेच होते."

त्यांनी मला आत नेलं. शेजारी स्टूलवर बसल्या, आणि मला चाल पुसायला लावली. मी फाइल दाखवली, पुसली. मग सॉफ्टवेअर काढून टाकलं, नमुना परत बसवला. चौकट आली. त्यांनी स्वतः ओके केलं.

"आणखी कुठं ठेवली आहे का?"

फ्लॉपी माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या खांद्यावर होती.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. थोडी शंका घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

नंतर काही आठवडे त्या रोज दुपारी कम्प्युटरसमोर बसायच्या. पहिली ओळ उभी राहायची. मग अर्धी. मग नुसताच एक सूर. शेवटी शेवटी त्या फक्त चौकट यायची वाट बघायच्या, ओके करायच्या आणि रिकाम्या पडद्याकडे पाहत बसायच्या. माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. चहाचे दोन टोले मात्र पुन्हा पडले नाहीत. विसरल्या की बंद केले, मला कळलं नाही. पावसाळ्याआधी पुतण्या जीप घेऊन आला आणि त्यांना मझौलीला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं, मी दुसरीकडे खोली घेतली.

हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. क्लासमध्ये त्या फाइलची सीडी करून घेतली होती, साध्या प्लेअरवर वाजेल अशी. स्वतःला मी सांगितलं होतं की त्यांना एकदा ऐकवायची, बस.

पुतण्याची बायको दारातच म्हणाली, "कोणाला ओळखत नाहीत हो आता. महिना झाला, एक शब्द नाही बोलल्या. तुम्ही वाईट नका मानू, दीदी."

बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. केस कापलेले, हात काड्यांसारखे. मी हाक मारली, नाव सांगितलं. काही नाही. त्या खोलीत टीव्ही होता, त्याला जोडलेला प्लेअर होता. मी सीडी घातली.

पहिली ओळ गेली. दुसरीत त्यांचं बोट गोधडीवर हलायला लागलं. सात मात्रा, बरोबर. पुतण्याची बायको दारात हात पुसत उभी राहिली. बाईंनी मान वळवली आणि चाल संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत ओळख होती, पण माझी नव्हती.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या. तोच श्वासाचा आवाज.

"हो, बाई."

"तुझ्याजवळ कशी आली?"

"मी घेतली."

"विचारून?"

"नाही."

त्या रागावल्या नाहीत. वर्गात एखाद्या मुलीने दुसरीची पेन्सिल घेतली असेल, तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, "मग जिथली तिथं ठेव."

मी प्लेअरमधून सीडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मग उशीखाली सरकवली, वर हात ठेवला आणि भिंतीकडे वळल्या. मी आणखी तासभर बसले.

त्याच दिवशी जबलपूरला परत आल्यावर मी क्लासमधली फाइल पुसली. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण उघडून आतली चकती कात्रीने कापली. या वेळी खरंच कुठे काही ठेवलं नाही.

दोन महिन्यांनी पुतण्याचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या, दिवसही झाले होते, माझा नंबर त्याला उशिरा सापडला. मी काही बोलायला हवं म्हणून त्यांच्या सामानाचं विचारलं.

"सामान काय असणार," तो म्हणाला. "दोन साड्या होत्या, त्या घरात वापरतील. खाट धुऊन घेतली. गादी-उशी रिवाजाप्रमाणे देऊन टाकली."

"अच्छा," मी म्हटलं.

उशीखाली काही होतं का, ते मी विचारलं नाही.